माझ्या आवाजाची नोकरी

माझी धाकटी नात रेणुका हिचं लग्न झालं ते साल २०३९. वैशाखातलं लग्न. आदल्या दिवशी दुपारी करमाळ्याच्या आमच्या घरात तिचा हिरवा चुडा मी माझ्या हाताने भरला. घर बायांनी भरलं होतं. थोरली नात ईश्वरी माझ्या खांद्याशी फोन धरून बसली होती. सगळ्यांना वाटलं, बहिणीच्या चुड्याची आठवण टिपून ठेवते आहे. मलाही तेच वाटलं. वर्ष एवढं नीट सांगते आहे ते लग्नासाठी नाही. त्या दुपारी माझा आवाज माझ्या घरातून चोरीला गेला, म्हणून सांगते आहे.

मी कासारीण. गोदावरी रासने. बाजारात मला गोदाक्का म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हापासून बांगड्या भरते आहे. लोकांना वाटतं हे काम बोटांचं आहे. बोटांचं आहेच, पण अर्धं काम तोंडाचं आहे. काचेची बांगडी हातापेक्षा लहान असते. मोठी घातली तर ती मनगटावर शोभत नाही, कोपरापर्यंत पळते. म्हणून लहानच चढवायची, आणि ती चढायची तर हात सैल पडायला हवा. बाई घाबरलेली असली की तिच्या अंगठ्याच्या मुळाशी मांस दगडासारखं होतं. मग मी बोलायला लागते. तुझं माहेर कुठलं, सासूचे गुडघे कसे आहेत, म्हैस व्याली का. बोलता बोलता हात चोळत राहते. हात जरा नरम लागला की म्हणते, "सोड हात. हाताकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ." तेवढ्यात बांगडी आत गेलेली असते.

त्या दिवशी रेणुकालाही मी असंच बोलून बोलून चुडा भरला. एकही बांगडी वाढली नाही, साधा तडासुद्धा गेला नाही. बाया म्हणाल्या, गोदाक्कांच्या तोंडात साय आहे.

आता ईश्वरीचं सांगते. पोरगी हुशार. डिजिटल मार्केटिंगचं शिकलेली, म्हणजे फोनवर, पडद्यावर माल खपवायची विद्या. मी स्वतः वाचायला शिकले छप्पन्नाव्या वर्षी, साक्षरतेच्या वर्गात. त्यामुळे छापलेलं काही दिसलं की मी ते सोडत नाही. ओठ हलवत, बोट ठेवत वाचते. ईश्वरीच्या नोकरीच्या जाहिराती मीच तिला मोठ्याने वाचून दाखवायची. पहिल्या वर्षी जाहिरातीत असायचं, आकर्षक मजकूर लिहिता आला पाहिजे. ती लिहायला शिकली. पुढच्या वर्षी मजकूर यंत्र लिहायला लागलं आणि कंपन्यांना व्हिडिओ करणारे हवे झाले. ती ते शिकली. मग व्हिडिओही यंत्र करायला लागलं, आणि आकडे वाचणारे हवे झाले. कुणी काय बघितलं, कुठं थांबलं, कुठं सोडून गेलं त्याचे आकडे. तेही शिकली. मग यंत्रांवर नजर ठेवणारे हवे झाले, आणि थोड्याच दिवसांत यंत्रांवर नजर ठेवणारं यंत्र आलं. पोरगी एक विद्या शिकून उठायची तोवर यंत्र ती शिकून बसलेलं असायचं. मुलाखतीहून आली की ती चप्पल काढून तिथेच पायरीवर बसायची. आत यायची नाही. मला ते बघवत नसे.

लग्नाच्या जरा आधी जाहिरातींचा सूर बदलला. मी वाचलं, "डिजिटल मार्केटिंग सहायक पाहिजेत. लेखन, चित्रण, विश्लेषण यांची आवश्यकता नाही. आवश्यक कौशल्य: लोकांचा विश्वास बसेल असा आवाज. स्वतःचा अथवा निकटच्या नातेवाइकाचा."

मी परत वाचलं. "नातेवाइकाचा? ही कसली नोकरी गं? सोयरीक जुळवतानासुद्धा लोक इतकं मागत नाहीत."

ईश्वरी हसली. "आज्जी, छान छान बोलणारी यंत्रं आता गल्लोगल्ली झालीत. सगळ्यांच्याच जाहिराती छान. त्यामुळं कुणी कुणाचं ऐकतच न्हाय. आता मागणी हाय ती फक्त भरवशाला."

"मागणी हाय म्हणून आणलेला भरवसा, त्याला भरवसा म्हणायचं का?"

"तुला न्हाय कळायचं," ती म्हणाली.

लग्नाची पाहुणेमंडळी परत गेली आणि तिला पुण्याच्या 'ओलावा' नावाच्या कंपनीत नोकरी लागली. अख्ख्या आळीत मी पेढे वाटले.

त्या यंत्राबद्दल पुढं मला ईश्वरीकडूनच कळलं. कळलं तसं लिहिते. माणूस सावध असला की त्याचा श्वास वर छातीत अडकतो आणि काळजाचे ठोके घड्याळाच्या काट्यासारखे एका मापात पडतात. जीव निवांत झाला की श्वास पोटात उतरतो, आणि ठोक्यांना लवचीकपणा येतो. श्वास घेताना ठोके जवळजवळ पडतात, सोडताना लांबलांब. हे काही नवीन नाही, डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक आहे. पण आता म्हाताऱ्याकोताऱ्यांच्याही मनगटावर प्रकृतीची घड्याळं आली, आणि ती हे ठोके दिवसभर मोजतात. काही आवाज असे असतात की ते ऐकताच ऐकणाऱ्याचे ठोके सैल होतात. आईचा, जुन्या मास्तरांचा, एखाद्या सुईणीचा. कंपनीला असा आवाज लागतो. त्याचा एक नमुना मिळाला की यंत्र त्यातले चढउतार, थांबणं, श्वास सगळं उचलतं आणि त्या आवाजात हवं ते बोलतं. फोनवर बोलताना ऐकणाऱ्याच्या मनगटावरचं घड्याळ यंत्राला कळवत राहतं, की बाई सैल पडली का अजून ताठ आहे. ताठ असली तर यंत्र अजून हळू बोलतं, तिच्या घरच्यांची चौकशी करतं. सैल पडली की माल पुढे करतं.

म्हणजे यंत्रही मनगट धरूनच बसलेलं असतं. हे मी ऐकलं तेव्हा माझ्या अंगाची आग झाली.

पण मला हे कळलं उशिरा. आधी नुसतं नवल वाटायचं. बाजारात बाया थांबून म्हणायच्या, "गोदाक्का, परवा फोनवर किती मायेनं बोललात." मी म्हणायची, "मी कुठं बोलले? तुझं काहीतरी दुसरंच." ती हसायची, मीही हसायची. एकजण दुकानात केसांच्या तेलाची बाटली घेऊन आली, "तुम्ही सांगितलेलं हेच ना?" मला वाटलं, वयानं हिचं डोकं फिरलं.

संक्रांतीच्या आधी माझी धाकटी बहीण द्वारका जेऊरहून बांगड्या भरायला आली. दरवर्षी येते. तिचा नवरा वामन गेला तेव्हा बायांनी तिच्या बांगड्या फोडल्या होत्या. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले, दार लावून घेतलं आणि तिचे दोन्ही हात परत भरले. ती म्हणाली, "अक्का, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "सोड हात. माझ्याकडे बघ. लोकांचं मी बघते." लोक बोलले, खूप बोलले. पण त्या दिवसापासून मी सोड म्हटलं की द्वारका सोडायची. मी धर म्हटलं की धरायची. मुलगा परदेशी. तिला माझ्यावाचून दुसरं कोण होतं?

मी तिचा हात हातात घेतला आणि नेहमीच्या मापाची बांगडी लावली. बांगडी बोलायच्या आधीच आत गेली आणि खाली सटकली. मी एक माप उतरले. तीही सैल. कासारीण माणसाचं माप कधी विसरत नाही. दिवाळीपर्यंत ठीक असलेला हात असा कसा आटला?

"द्वारके, साखर तपासलीस का? सुई घेतेस ना वेळेवर?"

तिला पूर्वीपासून मधुमेह. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. सुईची भीती वाटायची, तरी घ्यायची.

तिने माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. "सुई? ती तर तूच सोडायला लावलीस की."

"मी?"

"मग कोण? ती साखरेवरची पूड घे म्हणालीस, आणि म्हणालीस, द्वारके, सोड आता सुई, किती दिवस टोचून घेशील."

"मी असं कधी बोलले?"

"रोज तर बोलतीस." ती हसायला लागली. "वय झालं अक्का तुझं."

तेवढ्यात तिच्या पिशवीतला फोन वाजला. पडद्यावर माझं नाव आणि माझा फोटो, रेणुकाच्या लग्नातला. माझा फोन माझ्या दुकानात, माझ्या समोर, काचेच्या पेटीवर पडलेला. द्वारकेनं फोन उचलला. आणि माझ्या दुकानात माझा आवाज बोलायला लागला.

"कशी आहेस गं, द्वारके? जेवलीस का?"

मी ओरडले, "ठेव तो फोन! ती मी न्हाय! मी इथं बसलेय तुझ्यापुढं!"

द्वारकेनं माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

"थांब जरा," ती म्हणाली, "अक्का बोलतीय."

तिचा चेहरा मी बघत होते. कपाळाच्या आठ्या उतरल्या, खांदे खाली आले. माझ्या हातात असलेला तिचा हात सैल पडला. माझ्या देखत, माझ्या मुठीत, दुसऱ्या कुणीतरी तो सैल केला. मी फोन हिसकावून घेतला आणि जमिनीवर आपटला. तरी तो बोलतच राहिला. "हाताकडे बघू नकोस गं, माझ्याकडे बघ."

मी ईश्वरीला फोन करून बोलावून घेतलं. ती आली तेव्हा मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

"माझा आवाज तू दिलास?"

ती मान खाली घालून उभी राहिली. "रेणुच्या चुड्याचं रेकॉर्डिंग होतं. त्यांना एवढं आवडलं, आज्जी. पाचशे जणांतून मला घेतलं."

"तुला न्हाय घेतलं. मला घेतलं. मला विचारलंस?"

"आजीची संमती आहे, असं मी लिहून दिलं."

"आणि माझ्या फोनमधले नंबर?"

"तेपण दिले."

"माझ्या गिऱ्हाइकांचे हात मी जन्मभर धरले, ईश्वरी. तू ते हात विकून आलीस."

दुसऱ्या दिवशी ईश्वरीला घेऊन मी पुण्याला गेले. द्वारकेला आधी दवाखान्यात भरती केलं होतं. डॉक्टर म्हणाले, साखर फार चढली आहे आणि पायाला जखम आहे, ती काळी पडत चालली आहे. तिला जखम जाणवलीच नव्हती.

'ओलावा'च्या कचेरीत निनाद नावाचा साहेब होता. तिशीतला पोरगा. तो वाकून माझ्या पाया पडला. "आजी, तुम्ही आमच्याकडच्या सगळ्यात मोठ्या कलाकार आहात. तीन जिल्ह्यांत तुमचा आवाज चालतो."

"बंद करा तो."

"बंद कसा करणार? तो आता एकट्याचा राहिला नाही. इतर आवाजांत मिसळलाय. दुधातलं पाणी वेगळं काढता येईल का?"

"माझी बहीण मरायला टेकली आहे. तुमच्या यंत्रानं तिला सुई सोडायला सांगितली."

"तसं आम्ही कुणीही सांगितलेलं नाही, आजी." तो अगदी शांत होता. "आम्ही फक्त म्हणतो की आमच्या पुडीमुळे औषधाची गरज कमी होऊ शकते. शब्द यंत्र निवडतं. तुमच्या नमुन्यात 'सोड' हा शब्द आहे, आणि त्या शब्दावर लोकांची नाडी सगळ्यात जास्त उतरते. यंत्रानं तो उचलला. त्यात वाईट हेतू कुणाचाच नाही."

हेतू कुणाचाच नाही! काळा पडलेला पाय मात्र एका बाईचा.

मी पिशवीतून द्वारकेसाठी नेलेल्या बांगड्या बाहेर काढल्या. त्यात एक मोठ्या मापाचीही होती. बांगड्या भरा म्हणून पुरुषाला शिवी देतात, ती शिवी मी आयुष्यात दिली नाही. माझी बांगडी शिवी नाही. मला त्याला एक गोष्ट दाखवायची होती. मी म्हटलं, "हात दे रे बाळा." त्यानं कौतुकानं दिला. मी हात चोळत बोलायला लागले. तुझी आई कुठं असते, तिला बरं असतं का, तू जेवतोस कुठं. त्याच्या घड्याळावरचा दिवा हिरवा झाला. "सोड हात," म्हटलं. आणि त्या रुंद हातावरून बांगडी मनगटावर उतरवली.

"आता काढ," मी म्हटलं.

त्यानं ओढून बघितली. निघेना.

"हात सैल पडला म्हणजे माणूस हो म्हणाला असं होत न्हाय, साहेब. तू हो म्हणाला न्हवतास. तरी ती तुझ्या हातात हाय आणि आता फोडल्याशिवाय निघायची न्हाय. सुजलेला हात असला, आजारी हात असला, तर मी बांगडी चढवत न्हाय. हात सैल पडला तरी न्हाय. घरी जा म्हणते. तुमचं यंत्र घरी जा म्हणतं का कुणाला?"

मला वाटलं होतं, पोरगा खजील होईल. तो डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होता. मग मान वळवून त्यानं बाजूच्या मुलीला विचारलं, "हे रेकॉर्ड झालं का?"

ती म्हणाली, "हो सर, सगळं."

"आजी, कमाल!" तो म्हणाला. "आम्ही जिल्ह्याजिल्ह्यांत भरती करतोय. कासार, सुईणी, न्हावी. पदवीची अट काढूनच टाकली आहे. पुढची दहा वर्षं याच कौशल्याला मागणी राहणार. तुम्ही आमच्याकडे शिकवायला या." आणि बांगडीचा हात वर धरून त्यानं स्वतःचा फोटो काढला.

मी ईश्वरीकडे बघितलं. ती एकदाही तोंड उघडून बोलली नाही. माझ्या बाजूनं नाही की त्याच्या बाजूनं नाही.

परतीच्या एसटीत भिगवण मागे पडेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "आज्जी, मी दिला नसता तर दुसऱ्या कुणी त्याच्या आजीचा दिला असता. नोकऱ्याच तशा निघाल्यात."

"दुसऱ्याच्या आजीचा देऊ दे. द्वारकी त्या आजीचं ऐकून सुई सोडणार होती का?"

ती रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं नाही. तिच्या अधिकारात एवढंच होतं की यादीतून एक नंबर काढता येत होता. तिनं तिथेच गाडीत द्वारकेचा नंबर काढला. बाकीच्या बायांचे तसेच राहिले.

दवाखान्यात द्वारका फोनकडे बघत पडलेली असायची. नर्स सुई घेऊन आली की हात अंगाखाली लपवायची. बळजबरी केली तर नळ्या उपसायची. मी समजावलं, रागावले, हात जोडले.

"अक्काला विचारते आधी," ती म्हणायची.

"अगं, मीच अक्का!"

"तू ओरडतीस. ती ओरडत न्हाय." मग रुसल्यासारखी म्हणायची, "चार दिवस झाले, फोन न्हाय तिचा. रागावली असेल."

राग माझ्या आवाजातून जातच नव्हता. यंत्राला राग येत नाही, म्हणून माझ्याच बहिणीला ते माझ्यापेक्षा खरं वाटत होतं. एका दुपारी मी जीव एकवटून आवाज मऊ केला. तिचा हात धरला, चोळला आणि म्हटलं, "सोड हात, द्वारके. माझ्याकडे बघ."

तिनं हात झटक्यात काढून घेतला. माझ्याकडे बघून म्हणाली, "तिच्यासारखं बोलू नकोस. तुला न्हाय जमत."

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. ईश्वरी तिथं उभी होती. म्हणाली, "आज्जी, मी नोकरी सोडली."

"माझा आवाज सोडवून आणलास?"

"न्हाय. तो कंपनीचा हाय."

"मग मला कशाला सांगतीस?"

ती पायरीवर बसून राहिली. पूर्वी मुलाखतीहून आल्यावर बसायची तशीच.

मी परत आत गेले. या वेळी काही बोलले नाही. पिशवीतून सगळ्यात लहान मापाच्या बांगड्या काढल्या, पोरीबाळींच्या मापाच्या, आणि द्वारकेचा हात घेऊन मुकाट्यानं भरायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा मी न बोलता बांगड्या भरत होते. त्या हाताला सैल करायची गरजच उरली नव्हती. तिसऱ्या की चौथ्या बांगडीला ती माझ्या बोटांकडे बघायला लागली. मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

"अक्का?" ती म्हणाली. "तू कधी आलीस?"

मी मान हलवली. बोलायचा धीर झाला नाही. नर्सनं दुसऱ्या दंडात सुई दिली. द्वारकेनं हात ओढला नाही. ती माझ्याकडेच बघत होती. त्यानंतर तिनं एकही सुई चुकवली नाही, पण विष पायातून वर चढलं होतं. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस आधी आणायला हवं होतं.

आता मी दुकानात बसते ती गप्प बसते. बांगड्या भरते, पण बोलत नाही. बायांना दुखतं. काहींचे हात सोलतात. त्या म्हणतात, "गोदाक्का, फोनवर तर एवढं गोड बोलता, इथंच काय होतं तुम्हाला?" मी त्यांना एकेकीला धरून सांगितलं की तो फोन माझा नाही. निम्म्या ऐकतात. निम्म्यांना तो फोन हवाच आहे. त्या म्हणतात, राहू दे की, कुणीतरी विचारपूस तर करतं. ते यंत्र अजून तीन जिल्ह्यांत माझ्या आवाजात बोलतं आहे, आणि कुणाला खोटं वाटत असलं तर माझा फोन लावून बघावा. उचलेल ती मी असेनच असं नाही.

म्हणून हे लिहून काढलं. अक्षरं मी उशिरा शिकले, ओबडधोबड काढते. पण त्यांना माझा आवाज नाही, आणि ती कुणाचा हात सैल करत नाहीत. वाचणाऱ्यानं ताठ बसून वाचावं.

माझी धाकटी बहीण द्वारका वामन कोळपकर २०४० सालच्या महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी दुपारी वारली. तिच्या दोन्ही हातांत बांगड्या होत्या. त्या मी कुणाला फोडू दिल्या नाहीत.